खुर्ची धरून बोलतोय

वॉल्टन, २ ऑगस्ट १९६७

चि. लेस्लीस,
एनिडताईचे अ. उ. आ.

हे पत्र तुमच्या सामानाच्या बोटीबरोबर पाठवतेय. पंधरा तारखेपासून चोरट्या रेडिओंविरुद्धचा नवा कायदा लागू होतोय. मग ती बोट पत्र काय, साधा पावही आणू शकणार नाही. त्यानंतर तू देशाच्या हद्दीबाहेर समुद्रात नांगरलेल्या तुमच्या बोटीवरून रेडिओवर एक शब्द जरी बोललास, तरी किनाऱ्यावर पाय ठेवताच धरतील. त्याआधी ये रे राजा.

बाबांची नजर जवळजवळ गेलीच. चाळीस वर्षं जहाजांना बंदराची वाट दाखवली, आता बशी चाचपडत शोधतात. तुझं नाव अजून काढत नाहीत. चोरट्या रेडिओवर बडबडणारा मुलगा माझा नाही, हे तीन वर्षांचं पालुपद चालूच आहे. पण अकरा वाजले की रेडिओ लागतो. विचारलं तर म्हणतात, हवामान ऐकतोय. तुझ्या गाण्यांत कसलं आलंय हवामान!

मी शनिवारी नॉरिचला घरी परतते. लोभ आहेच, तब्येत सांभाळ.

तुझी ताई

---

'मर्लिन' बोट, ८ ऑगस्ट

ती. ताईस,
लेस्लीचा सा. न. वि. वि.

दमलो गं. तीन वर्षं लोकांना सांगतोय सकाळ किती छान आहे, आणि गाणं लागलं की ओकायला बादली जवळ ओढतोय. रेडिओसाठी रिकी स्टॉर्म हे नाव घेतलं तेव्हा काय रुबाब वाटला होता! आता त्या नावाने कुणी हाक मारली तरी डोकं फिरतं. रोजच्या डबाबंद बटाट्यांचंही तेच.

इथले दोघे थांबणार आहेत, मलाही थांब म्हणतात. थांबलो तर बाबा पुन्हा भेटायचे नाहीत. आणि गेलो, तर दार उघडतील का? मला पोलिसांची नाही, त्या दाराची भीती वाटते.

रविवारच्या सामानाच्या शेवटच्या बोटीने निघेन. त्या दिवशीचा अकराचा कार्यक्रम आजच टेप करून ठेवतोय, म्हणजे मी बोटीवरच आहे असं ऐकणाऱ्यांना वाटेल. आज समुद्राने उच्छाद मांडलाय, तबकडीवरची सुई दोनदा उडाली.

मुलांना पापा. या भावावर माया असू दे.

लेस्ली

---

वॉल्टन, १४ ऑगस्ट

ती. ताईस सा. न.

काल पोचलो. दार नुसतं लोटलेलं होतं. बाबा रेडिओला कान लावून बसलेले, आणि रेडिओत मी! समुद्र खवळलाय मंडळी, खुर्ची धरून बोलतोय, असं दर दोन गाण्यांनी सांगत होतो. माझे पाय दारातच अडले. म्हटलं, झालं, पोरगा तिकडेच राहिला असं धरून बसलेत.

मग टेबलाकडे लक्ष गेलं. दोन कप, दोन भाजलेले हेरिंग मासे, आणि माझी खुर्ची पुढे ओढलेली.

बाबांनी मान न वळवताच विचारलं, पाय पुसलेस का. मी विचारलं, कळलं कसं? तर म्हणाले, सकाळपासून खिडकीत बसलोय, वारा नाही, लाट नाही, आणि तू म्हणे खुर्ची धरून बोलतोयस. जुनं बोलणं लावून निघालाय हे आंधळ्यालाही कळतं. तेव्हाच मासे तव्यावर टाकले.

मला रडू आवरेना. निदान तो आवाज तरी थांबावा म्हणून रेडिओकडे हात नेला, तर बाबांनी हातावर चापट मारली. म्हणाले, थांब, माझ्या पोराचं संपू दे.

घरी आलेला,
लेस्ली