पोराला सांगून जा

आई,

काल आमच्या संस्थेत पाळणाघर सुरू झालं. परळला, तळमजल्यावर, जिथे आजवर मोडक्या खुर्च्या टाकून ठेवायचो त्या खोलीत. ही बातमी आधी तुला द्यायला हवी, म्हणून लिहायला बसले. माझ्या आयुष्यातलं पहिलं पाळणाघर तुझ्या गिरणीतलं, फाटकातून आत शिरलं की डाव्या हाताला. तू वाइंडिंग खात्यात बॉबिनांवर सूत भरायचीस आणि सुट्टीत केसांवर कापसाचे तंतू घेऊन मला पाजायला धावत यायचीस. हे मला आठवणं शक्यच नाही, पण तू इतक्यांदा सांगितलंस की आता ती माझीच आठवण झाली आहे.

मग संप झाला. गिरणीचं फाटक बंद झालं, त्याबरोबर पाळणाघरही. चाळीतल्या बायका धुणीभांडी करायला, कारखान्यांत पाकिटं भरायला बाहेर पडल्या आणि त्यांची पोरं आपल्या खोलीत आली. तू कुणाला बोलावलं नव्हतंस. "आजचो दिस बघ गो," म्हणत एकजण आली, आणि बघता बघता तुळईला साड्यांच्या झोळ्या लटकल्या. बाबा घरीच. गिरणीत दोन साचे, म्हणजे दोन माग, चालवणारा विणकर, त्यांचे हात रिकामे राहीनात. त्यांनी दोन झोळ्यांना मिळून एकच दोरी बांधली आणि खाटेवर पडल्या पडल्या पायाच्या अंगठ्यानं ती ओढू लागले. शेजारचे संपकरी दारातून डोकावून चिडवायचे, "काय, कामावर रुजू झालात?" बाबा अंगठा न थांबवता म्हणायचे, "दोन साचे चालू आसत. बदली कामगार आसलो तर धाडून देवा." सगळी खोली हसायची. ते खऱ्या साच्यावर परत कधी उभे राहणार नाहीत, हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं!

तुझ्या त्या खोलीत नियम एकच होता. आईनं चोरपावलांनी निघून जायचं नाही. बायका पोराला खुळखुळ्यात गुंतवायच्या आणि हळूच दाराकडे सरकायच्या, की तुझी हाक ठरलेली. "गो, पोराक सांगान जा! सांगान गेलंस तर रडात नि गप ऱ्हवात. चोरान गेलंस तर दिसभर दाराकडे बघीत बसात." मग ती आई परत फिरायची, सांगायची, आणि जो काही टाहो फुटायचा! मला तू तेव्हा फार दुष्ट वाटायचीस. शाळेतून आल्यावर मी अभ्यासाला बसायची ती त्या रडारडीतच, आणि तरी पहिला नंबर काढायची, हे मात्र तू अख्ख्या लालबागला ऐकवायचीस.

माझा मुलगा झाला तेव्हा माझी पीएचडी अर्धी झाली होती. मी आपलं समजूतदारपणे म्हटलं, वर्षभर थांबते, मग बघू. तू पोळ्या लाटत होतीस. लाटणं खाली ठेवून म्हणालीस, "सगळ्या चाळीची पोरा सांभाळलंय, ती तू घरी बसाक? आण तो झील हय." दुसऱ्या दिवशी मी त्याला तुझ्याकडे घेऊन आले. तो झोपला होता, म्हटलं बरं झालं, आता निघावं. तू चक्क त्याला उठवलंस. झोपलेलं पोर! "सांग त्याका." मी चिडून सांगितलं, तो रडला, मीही जिन्यात रडले, आणि प्रयोगशाळेत जाऊन कामाला लागले.

तिथे तू एकदाच आलीस. ठेवणीतली साडी नेसून. मी तुला सूक्ष्मदर्शकातून आमची जाळी दाखवली, केसाहून कितीतरी बारीक तंतूंची, भाजलेल्या जखमेवर ठेवायची. तिच्यावर त्वचेच्या पेशी वाढत होत्या. तू बराच वेळ बघितलंस आणि म्हणालीस, "रांगतत गो!" खरंच रांगतात. मग तुझे प्रश्न सुरू झाले. यांना खायला कोण घालतं? मी, एक दिवसाआड. आजारी पडतात? पडतात, म्हणून तर बाहेर चपला काढायला लावल्या. मी सांगितलं की पेशी एकमेकींना सतत निरोप धाडत असतात, आणि शेजारणींचे निरोप यायचे थांबले तर धडधाकट पेशीसुद्धा मरून जाते. "म्हणजे चाळच," तू म्हणालीस. मग विचारलंस, जखम भरल्यावर या जाळीचं काय होतं? मी म्हटलं, विरघळून जाते, नवीन कातडी स्वतःच्या बळावर उभी राहते. तू पुन्हा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावलास आणि म्हणालीस, "बरा आसा. धुवची कटकट नाय." परतताना साहेबांपासून शिपायापर्यंत सगळ्यांना सांगत सुटलीस की माझ्या मुलीचंही पाळणाघरच आहे. मी लाजेनं अर्धी झाले. आज भाषणांत मी तेच उदाहरण देते आणि लोक टाळ्या वाजवतात.

ती जाळी आता खरोखर वापरात आली आहे, आई. भोईवाड्यातली एक बाई, स्टोव्हच्या भडक्यात हात भाजलेली, परवा मला भेटायला आली आणि मूठ उघडून मिटून दाखवत राहिली. मला फार अभिमान वाटला. आणि त्या जाळीचं पुढचं सगळं काम जिच्यावर अवलंबून आहे, ती माझी विद्यार्थिनी, काम सोडून निघाली होती. तिची मुलगी वर्षाची आहे, सांभाळायला कुणी नाही. राजीनामा तिनं तयारच ठेवला होता. तिच्यासाठी मी बैठकीत पाळणाघराचा विषय काढला. मुलं ही ज्याची त्याची घरगुती बाब आहे, असं साहेब म्हणाले. कायदा आहे, पण त्यातून निसटायच्या वाटाही त्यांना पाठ आहेत. मी म्हटलं, माझ्या आईच्या गिरणीत पाळणाघर होतं, गिरणीला जमलं ते आपल्याला का जमू नये? एकजण हसून म्हणाला, "मॅडम, गिरण्या बुडाल्या." मी म्हटलं, "पाळणाघरामुळे नाही बुडाल्या." तिला रजेवर थांबवून त्या खुर्च्यांच्या खोलीसाठी मी तीन महिने भांडले, आणि मिळवली.

काल पहिला दिवस. विद्यार्थिनीनं मुलीला नव्या मावशींच्या मांडीवर दिलं, मावशींनी रंगीत चेंडू पुढे केला आणि ही चपला हातात घेऊन पाऊल न वाजवता दाराबाहेर. मी समोरच उभी. माझ्या तोंडून जे निघालं ते मी ठरवून बोललेच नाही. "मागे फिर. तिला सांगून जा." ती गेली, सांगितलं, आणि त्या चिमुरडीनं तळमजला डोक्यावर घेतला. सगळे माझ्याकडे असे बघायला लागले, जशी मी लहानपणी तुझ्याकडे बघायची. सकाळभर माझंही कामात लक्ष लागेना. वाटलं, हट्टापायी आपणच हिला घालवली. संध्याकाळी ती दारात आली, कडेवर मुलगी. "मॅडम, मी गेल्यावर थोडी रडली म्हणे, मग खेळत बसली. जेवलीसुद्धा." जरा थांबून म्हणाली, "सोमवारी नवीन पेशी लावू ना?" मी म्हटलं, "लावू."

आई, मला तुझा अभिमान वाटतो. गिरणी सुटल्यावर सरकारी कागदांवर तुझ्या नावापुढे शेवटपर्यंत 'गृहिणी' लिहिलं गेलं, आणि तुझ्या हाताखालून वाढलेली पोरं आज कुठे कुठे उभी आहेत. हे सगळं तुला तोंडावर सांगायचं होतं. आता पाठवायचं तरी कुठे, आपल्या चाळीच्या जागी काचेचा टॉवर उभा आहे. हे कागद माझ्याच खणात राहतील.

एक गोष्ट मात्र कबूल करते. त्या सकाळी तू मला म्हणालीस, "जा तू कामावर, माका कायएक झाला नाय," आणि दुपारी गेलीस. चाळभर बायकांना दम भरणारी तू, मला न सांगता गेलीस. तुझंच म्हणणं खरं ठरलं गं. मी अजून दाराकडे बघते.