सौनात आटलेली टोपी

थंडर बे,
रविवार, जेवणानंतर

प्रिय हेल्मीमावशीला तिच्या एकुलत्या एका (आणि आता निम्म्या सैनिक) भाचीचा टाचा जुळवून नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे? माझे दोन्ही दुखतात, त्यामुळे आपल्याला बोलायला एक विषय वाढला. आई शहरातली बस चालवते, ठणठणीत आहे आणि माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलते. कारण तुला ठाऊकच आहे. फेब्रुवारीपासून मी सकाळी बारावीचा वर्ग आणि दुपारी राखीव पलटणीचं प्रशिक्षण असं दोन्ही करते. दोन्हीकडचे गुण निकालात धरतात. मला अठरा पूर्ण नाहीत म्हणून फॉर्मवर आईची सही लागली. तिने ती केली, पेन टेबलावर आपटलं आणि म्हणाली, "ही घे सही. पण ते कवायतीचं सोंग बघायला मला बोलवू नकोस."

बाकी मी खुशीत आहे. घोटाळा एवढाच, की आपण आत्ता कुठे आहोत हे माझ्या शरीराला उशिरा कळतं. गणिताचे डुबिन्स्की सर वर्गात आले की मी ताडकन उभी राहते. (आधी वर्ग हसायचा. आता सरांना सवय झालीय. मी बसून राहिले तर त्यांचा चेहरा पडतो.) उलट पलटणीत मी भर रांगेत हात वर करून विचारलं, "मॅडम, बाथरूमला जाऊ?" सार्जंट बूशार (बाई उंचीने माझ्या खांद्याला, आवाजाने छपराला) म्हणाल्या, "जा बाळा, आणि येताना दप्तर घेऊन ये." तेव्हापासून सगळे मला दप्तरच म्हणतात.

पण खरी कथा टोपीची. नवी लोकरी बेरे टोपी गरम पाण्यात बुडवून डोक्यावर बसवायची आणि वाळेपर्यंत काढायची नाही, म्हणजे ती डोक्याचा आकार घेते. मग वस्तऱ्याने तिची लव भादरायची. शुक्रवारी मी ती ओलीच घालून गणिताला बसले. वर्गात टोपी चालत नाही, हा शाळेचा नियम. सरांनी काढायला लावली आणि ती दप्तरात वाळली, गणिताच्या पुस्तकाचा आकार घेऊन. दुसऱ्या दिवशी शनिवार, म्हणजे आपल्याकडे सौना. जिथे आजोबांनी जन्मभर मोजे वाळवले तिथे टोपीचं काय अवघड, असं म्हणून मी ती पुन्हा भिजवली, वाफेच्या खोलीत वरच्या बाकावर ठेवली आणि पुल्लाचा, आपल्या वेलचीच्या गोड पावाचा, एक तुकडा खायला घरात गेले. (बरं, चार.) परत येऊन बघते तर टोपी बशीएवढी!

सोमवारी सार्जंट बाईंनी आडनावाने पुकारलं, "कोस्केला, ही टोपी आहे की बाटलीचं बूच?" कोठारात नवी यायला महिना लागणार आणि दीक्षांत संचलनाला डोक्यावर नीट टोपी नसेल, तर रांगेत जागा नाही. चार महिने चिखलात लोळून शेवटी प्रेक्षकांत बसायचं, या विचाराने मला रडूच फुटलं. मग मी ती वाफेवर धरून सुपाच्या पातेल्यावर ताणून ठेवली, आणि काय सांगू, शाळेतून यावं तर रोज बोटभर वाढलेली! गुरुवारी डोक्यात चपखल बसली. लवसुद्धा आपोआप गळाली. (माझ्या हाताला गुण आहे, हे तू नेहमी म्हणायचीस.) संचलन जूनच्या पंधराला, शनिवारी सकाळी दहाला आहे.

तुझी, सावधान स्थितीतली,
अनिका

ता. क. तू ये ना. आणि येशील तेव्हा आईला ओढून आण. ती नाही आली तरी मला काही वाटणार नाही, असं मी तिला सांगितलंय. ते खोटं आहे. मला फार वाटेल.

ता. क. २. पत्र पेटीत टाकायला आईकडेच देतेय. फोडायचं नाही, असं बजावलंय.

ता. क. ३. हेल्मी, मी मार्जा. फोडलं. सौनात बाकावर ती टोपी दिसली तेव्हा तापल्या दगडांवर डावामागून डाव पाणी मीच ओतलं. वाटलं, टोपीबरोबर खूळही आटेल. सोमवारी पोरगी न जेवता झोपली. मग ती शाळेत गेली की रोज मी तीच टोपी वाफवून ताणत बसले. लव तिच्या बापाच्या वस्तऱ्याने काढली; त्याला सांगू नकोस. पंधरा तारखेची रजा मी मार्चमध्येच टाकली आहे. तू शुक्रवारीच ये. एकटी बसले तर मी रडेन, आणि ते तिला रांगेतून दिसेल.