तीन हिवाळ्यांची छाटणी

हेगलँड, २ मार्च

प्रिय एवेन,

तू बरा असशील. इथे फ्योर्डच्या पाण्याकाठचं बर्फ गेलं, डोंगरावर अजून गुडघाभर आहे. शिडीवरून पडल्यापासूनची माझी कंबर आहे तशीच. बाबांना वृद्धाश्रमात ठेवून परवा तीन आठवडे झाले. जेवतात म्हणे थोडंफार.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. त्यांना तिथे ठेवल्याचा तुझा राग मला कळतो, पण मी काय पाहिलं ते तरी ऐक.

आपल्या घरचा नियम तुला तोंडपाठ आहे. सफरचंदाच्या म्हाताऱ्या झाडाची उंची उतरवायची तर तीन हिवाळे घ्यायचे, दर हिवाळ्यात थोडंथोडंच. एकदम कापलं की झाड बिथरतं आणि नुसते उभे, वांझ धुमारे फुटतात. लहानपणी तू एक फांदी जास्त कापलीस तर बाबांनी आठवडाभर अबोला धरला होता. त्याच बाबांनी जानेवारीत दहा झाडं वरून पार भादरून टाकली. मी बागेत गेले तेव्हा अकराव्यावर, शिडीच्या टोकाला, करवत चालूच होती.

"बाबा, काय करताय ते कळतंय का?" मी ओरडले.

"कळतंय. शिडी नीट धर."

मी धरली नाही. त्यांना खाली उतरवलं, करवत कुलपात टाकली. वृद्धाश्रमात जागा द्यायची का ते ठरवायला नगरपालिकेच्या बाई आल्या, त्यांना म्हटलं यांचं डोकं फिरलंय, आणि झाडांचे फोटो दाखवले. त्याही बागवाल्यांच्याच घरातल्या. फोटो पाहिल्यावर त्यांनी फारसं काही विचारलं नाही. बाबांनीही हरकत घेतली नाही.

काल शेजारचे टॉरगिल्स काका छाटलेल्या फांद्या न्यायला आले. बराच वेळ मोळी बांधत राहिले, मग म्हणाले, "त्याच्या पोटात गाठ आहे, सिग्नी. बर्गनच्या डॉक्टरांनी उन्हाळ्यापर्यंतच सांगितलंय. मला शपथ घातली होती त्यानं."

"मग झाडं का तोडली?"

"तीन हिवाळे कुठून आणणार गं तो? तू पडल्यापासून शिडी चढत नाहीस. म्हणाला, दोन वर्षं फळ नाही आलं तरी चालेल, पण पोरीचा हात पोचला पाहिजे."

"मला का नाही सांगितलं?"

"तू रडत बसली असतीस. मग शिडी कुणी धरली असती, म्हणाला."

ते गेल्यावर मी एकेका झाडाखाली उभी राहून हात वर केला. दहाही झाडांच्या शेंड्यांना हात पोचला. एवेन, मला माझीच लाज वाटते.

आज त्यांना भेटायला गेले. घरी चला म्हटलं. त्यांनी विचारलं, "करवत पुसून ठेवलीस का?" नव्हती ठेवली. मग म्हणाले, "शिडी विकून टाक. तुला लागायची नाही आता." मी पुन्हा म्हटलं, घरी चला. "तुझ्या कंबरेला मी झेपायचा नाही. राहू दे."

तुला झेपतील. मला माफ करू नकोस, पण ये आणि त्यांना घरी आण. अकरावं झाड अर्धंच राहिलंय. त्यांना खुर्चीत बसवून बागेत नेऊ. ते खालून सांगतील तसं तू काप.

शिडी मी धरीन.

तुझी ताई,
सिग्नी