पार्ट मागवलाय

प्रिय ठमे,

दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकून तुझे कान किटलेले असतात, हे ठाऊक असूनही बाप आणखी एक तक्रार घेऊन बसलाय. फोनवर सांगत नाही, लिहितोय. मध्येच कंटाळून बाजूला ठेवलंस तरी मला कळणार नाही, तेवढी तुझी सोय.

आपली विजेवरची गाडी पुन्हा बंद पडली. तुझ्या आईने तिचं नाव 'राणीसरकार' ठेवलंय, कारण तिची मर्जी सांभाळण्यातच आमचे दिवस जातात. आणली तेव्हा काय कौतुक होतं. आवाज नाही, धूर नाही, थेट गोठ्यापर्यंत नेली तरी गाई बिचकत नाहीत. माझ्यासारख्या गुरांच्या डॉक्टरला आणखी काय हवं? मग एकदा चढावर आतून 'टप्प' असा आवाज झाला आणि समोरच्या पडद्यावर पिवळं कासव उमटलं. कासव दिसलं की गाडी रांगायला लागते, आणि थोड्या वेळाने तेही सोडते. मोठी बॅटरी भरलेली होती, पण तिच्यातून छोट्या बॅटरीला वीज पुरवणारा भाग जळला होता. छोटी मेली की सगळं ठप्प. दारसुद्धा धड उघडत नाही.

सर्व्हिस सेंटरमध्ये म्हणाले, वॉरंटी आहे, काळजी नको, पार्ट मागवलाय. ते वाक्य घरात इतकं ऐकू आलं, की आता मी चहा मागितला तरी तुझी आई आतून म्हणते, "पार्ट मागवलाय." पार्ट यायला पाऊसकाळ उलटला. बसवला. जरा दिवस बरे गेले, पुन्हा टप्प, पुन्हा कासव. मग म्हणाले, सॉफ्टवेअर जुनं आहे. ते नवं केलं. पुन्हा कासव. गाडी उचलून नेणारा टोइंगवाला आता घरचा झालाय, आधी माझ्या गुडघ्यांची चौकशी करतो आणि मग गाडीला साखळी लावतो. मी औषधांची पेटी मांडीवर घेऊन बसने फिरतो, नाहीतर दुधाच्या टेम्पोत कॅनच्या मध्ये बसतो. बदली गाडी मागितली, तर त्यांच्या दोन्ही बदली गाड्यांनाही तेच दुखणं. सुरुवातीला राग यायचा. पण रागालाही ताकद लागते गं. नंतर नंतर मी तिथल्या सोफ्यावर जाऊन नुसता बसून राहायचो. भिंतीवरच्या टीव्हीत तीच गाडी समुद्राच्या कडेने सुसाट धावत असायची, आणि तिच्याखाली आम्ही सगळे गाडीवाले माना खाली घालून.

मागच्या आठवड्यात मात्र वेगळं झालं. तुला टेकडीमागच्या गोठेवाल्या बाई आठवतील, लहानपणी तुला वासरं दाखवायच्या त्या. पहाटे त्यांचा फोन आला, गाय अडलीय, वासराचे पाय बाहेर आणि डोकं मागे वळलेलं. मी निघालो आणि राणीसरकार अर्ध्या वाटेत बसल्या. पेटी घेऊन चालत सुटलो, पुढे टेम्पो भेटला. पोचलो तोवर उजाडलं होतं. गाय वाचली. कालवड गेली. बाईंनी मला हात धुवायला गरम पाणी आणून दिलं. त्यापेक्षा चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

तिथून तसाच, शेणाने भरलेल्या बुटांनी, सर्व्हिस सेंटरला गेलो. आज सोडायचं नाही, असं ठरवून. काय काय बोलायचं ते वाटेत पाठ केलं होतं. काउंटरवर एक मुलगी असते, तुझ्याच वयाची, बसलेला आवाज, गालात कायम खडीसाखर. माझ्यापुढचा माणूस तिच्यासमोर चाव्या आपटत होता. मागे काचेच्या खोलीत तिचे साहेब फोनमध्ये तोंड घालून बसले होते. ती म्हणाली, "मी समजू शकते, सर." तो आणखी ओरडला. ती पुन्हा तेच, त्याच सुरात. आणि मला तुझा फोन आठवला. मध्यंतरी आईने डोकं दुखतंय म्हणून सांगितलं, तेव्हा तू म्हणाली होतीस, "मी समजू शकते." आम्ही दोघं नंतर एकमेकांकडे बघतच राहिलो होतो.

माझी पाळी आली. पाठ केलेलं काही आठवेना. मी एवढंच म्हणालो, "बाळ, गाडी बंद पडली आणि कालवड मेली." ह्याच्यावर तिला कुणी काही शिकवलेलं नव्हतं. तिने पेन खाली ठेवलं आणि अगदी हळू म्हणाली, "काका, पार्ट कधी येणार मला खरंच माहीत नाही. मला कुणीच सांगत नाही. मी रोज मनानेच एक तारीख सांगते." तेवढ्यात साहेबांनी काचेवर टकटक करून तिला आत बोलावलं. ती बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते. खाली न बसता तिने पुढच्या माणसाचं टोकन घेतलं.

काल गाडी परत आली. नवा पार्ट आहे, ह्या वेळी सुधारलेला म्हणे. किती टिकेल ते मी विचारलं नाही. काउंटरवर ती मुलगी नव्हती, दुसरी होती.

ठमे, आईने मला सांगितलंय. तुला ती नोकरी सोडायचीय, सकाळी हेडफोन उचलतेस आणि पुन्हा खाली ठेवतेस, आणि बाबांना काय वाटेल म्हणून तू गप्प आहेस. बाबांना काय वाटतं ते सांगायलाच हे लिहिलं. सोड. दुसरी मिळेपर्यंत थांबू नकोस, कुणाला कारण देत बसू नकोस. इथे येऊन महिनाभर झोप. कुणी काही विचारणार नाही, विचारलंच तर मी बघतो. शनिवारी तुला न्यायला निघतोय. गाडीने की बसने, ते सकाळी कळेल. पण येतोय. सामान बांधून ठेव.

तुझाच,
बाबा