एरंडाचं पान आणि तोतारामची सुई

३ मे १९८९, चोपडा

जळगावहून एक्स-रे आला. डाव्या बाजूला मुतखडा. आमच्या इथले डॉक्टर म्हणाले, लहान आहे, आपोआप पडेल, पण सरकताना फार दुखेल. दुखलं की या, इंजेक्शन देऊ. विचारलं, कसलं? म्हणाले, दोन औषधं एकाच सिरिंजमध्ये. एक दुखणं थांबवायचं, दुसरं उलटी होऊ नये म्हणून. मी म्हटलं, पहिल्याने उलटी होते म्हणून दुसरं, मग पहिलं देताच कशाला? डॉक्टरांनी पंख्याकडे पाहिलं.

पहिलं अफूच्या कुळातलं आहे, हे खोदून विचारल्यावर सांगितलं. शाळा चौथीपर्यंतच झाली असली तरी वाचनालयातलं आरोग्याचं कपाट मी दोनदा संपवलंय, हे मीही सांगून ठेवलं.

निश्चय : सुई घ्यायची नाही.

४ मे

औषध परसात आहे. ह्यांच्या शेवटच्या आजारात पोटात फार दुखायचं. मी दिवेलागणीला एरंडाच्या पानाला तेल लावून, तव्यावर तापवून बांधायचे. पान बांधलं की लगेच झोप. मोठ्या दवाखान्याने हात टेकल्यानंतरची गोष्ट आहे ही. हे म्हणायचे, अगं सुंदर, तुझ्या हाताला गुण आहे.

ह्यांना भाऊ म्हणणारा तोताराम कंपाउंडर तेव्हा रोज संध्याकाळी येऊन ताकदीचं इंजेक्शन देऊन जायचा. पण ताकदीने दुखणं कुठे थांबतं? थांबायचं ते पानाने. दुखण्याची सुई त्यांनी एकदाही घेतली नाही. मी एका खड्यासाठी घेऊ?

ह्यांना जाऊन दोन वर्षं झाली. ऊन आलं की त्यांची खुर्ची मी अजून सावलीत सरकवते. सवय.

७ मे, दुपार

कळ आली. पान बांधलं. कळ थांबली नाही, पण वाढायची थांबली असावी. पान कोवळं होतं. उद्या जून घेईन.

८ मे

जून पान. तवा जरा जास्त तापला. कुशीवर फोड आला. फोड इतका चुरचुरला की खड्याकडे लक्षच गेलं नाही. म्हणजे गुण आलाच.

१० मे

अभिमन धुळ्याहून आला. खड्यासाठी हुलग्याचं कढण पिताना मला पाहून म्हणाला, आई, दवाखान्यात चल. मी म्हणाले, तुझ्या वडिलांनी एवढं मोठं दुखणं सुईशिवाय काढलं, मी त्यांचीच बायको आहे. तो उठला. चहा पिऊन येतो म्हणाला. चहा चुलीवरच होता.

संध्याकाळच्या गाडीने परत पाठवला. आपल्यामुळे त्याची रजा नको.

१२ मे

सकाळी कळ. फरशी गार असते म्हणून आडवी झाले होते, पडले नव्हते. शेजारची कुंदाबाई धावत आली. म्हणाली, माय व, आते तरी जिद सोड, बठ्ठी गल्ली आयकी ऱ्हायनी. मी सांगितलं, सगळी गल्ली ऐकू दे, ओरडत नव्हते, भजन म्हणत होते. तर म्हणते, हाई कोनतं भजन शे?

तिने रिक्षा आणली. मी बसले, कारण रिक्षावाला उन्हात ताटकळत होता.

दवाखान्यात मी मधला मार्ग काढला. दुखण्याचं तेवढं द्या, उलटीचं नको. डॉक्टर म्हणाले, बाई, मळमळेल. मी म्हणाले, माझं पोट मला माहीत आहे. एकच औषध म्हणजे अर्धीच माघार. ती माघारीत धरत नाहीत.

कळ गेली. मग उलटी झाली. मग पुन्हा झाली. डॉक्टरांचे बूट नवे होते, पण पुसता येण्याजोगे होते.

१४ मे

पुन्हा कळ, पुन्हा रिक्षा. या वेळी मी आपणहून म्हणाले, दोन्ही द्या. हा माझा निर्णय होता. कोणी सांगितलं म्हणून नाही.

तोताराम आता याच दवाखान्यात आहे. सिरिंज भरता भरता म्हणाला, हे बरं केलं वहिनी. भाऊंनी तर पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, उलटीचं त्यातच घाल, नाहीतर हिला कळेल.

मी विचारलं, काय कळेल?

तोताराम सिरिंजमधली हवा काढायला लागला. बराच वेळ काढत होता. मी म्हणाले, ते ताकदीचं होतं. तो म्हणाला, हो वहिनी, ताकदीचंच. मी म्हणाले, तोताराम, तुला खोटं बोलता येत नाही आणि सुई तुझ्या हातात आहे, आधी ती टोच.

टोचली. उलटी नाही. कळ हळूहळू लांब गेली आणि झोप आली. किती वेळ लागला ते मला घड्याळाशिवाय कळलं. चूल पेटवून, तवा ठेवून, एक पान तापवून बांधायला लागतो तेवढा.

१६ मे

तोताराम घरी आला. बिचकत उंबऱ्यावरच उभा होता. म्हणाला, भाऊंनी शपथ घातली होती, वहिनी. म्हणायचे, सुई दुखण्याची आहे, दुखणं एवढं वाढलंय हे तिला कळू देऊ नकोस.

मी एवढंच विचारलं, मग पान कशाला बांधून घ्यायचे?

तो म्हणाला, सुई दिली की त्यांचे डोळे मिटायला लागायचे. मी म्हणायचो, भाऊ, पडा आता. तर म्हणायचे, थांब, ती पान तापवतेय. मांडीला चिमटे काढत जागे राहायचे.

त्याला चहा दिला. साखर घालायची राहून गेली. त्याने तसाच प्यायला.

अभिमनला हे माहीत होतं का, ते विचारणार नाही.

१९ मे

खडा पडला. एवढासा. इतक्या गोंधळाला शोभत नाही. कढणानेच पडला असणार.

दुपारी कुंदाबाई कंबर धरून आली. म्हणाली, माय, तुना हातले गुन शे, माले ते पान बांधी दे.

मी सांगितलं, आधी तोतारामकडे जाऊन सुई घेऊन ये. उलटीचंही त्यातच घालायला सांग. पान त्यानंतर लागू पडतं.

ती गेली. मी तवा ठेवला.