मावळतीच्या आत

सोमवार, १८ ऑगस्ट

कॉलेजच्या वादविवाद स्पर्धेची चिठ्ठी उचलली — बुलेट ट्रेनच्या बाजूनं बोलायचंय! गावोगावच्या बसच्या बाजूनं निशिगंधा, माझीच बाकावरची मैत्रीण. म्हणाली, "वडगावातनं रोज बसला लोंबकळत येतीस, आणि बुलेट?" मग काय झालं! स्वप्नंपण लोंबकळतच बघायची काय?

कावळा नाक्यावर बसची वाट बघत भाषण जुळवलं. गाडी पश्चिमेला सुटलीय, पुढं सूर्य. इतकी जोरात की त्याला मावळायला सवडच नाही! मी घरी पोचते तर दारात अजून ऊन, आई दोन ताटं घेते...

खरं म्हणजे अंधारातच पोचले. चातुर्मास. आमच्या जैनांच्यात दिवस मावळला की ताट नाही. "मी जेवलीया गं," म्हणाली आई. डबा उघडून बघितला. भाकरी जशाच्या तशा!

बुधवार, २०

बस आलीच नाही. पुढचीला पाय ठेवायला जागा नाही. आईला फोन केला, जेवून घे म्हटलं. "तू ये की आधी. एकटीला घास उतरत न्हाय." दोघी उपाशी.

आप्पा भडकले. "तिला शुगर हाय, कळतंय न्हवं?" बसवर ओरडायचं ते माझ्यावर! राग आला, मग रडूच आलं.

शुक्रवार, २२

पहिला नंबर! बोलताना मी त्या गाडीतच होते. खिडकीतनं ऊस, ऊस, नुसती हिरवी धार. निशिगंधानं एकच विचारलं — "वडगावला थांबणार काय तुझी गाडी?" सगळे हसले. "प्रगती थांबत नसते!" म्हटलं मी. केवढ्या टाळ्या!

घरी आले तर आई दारात चक्कर येऊन पडलेली. माझी वाट बघत उभी होती म्हणे. आप्पा तिच्या तोंडात साखर घालत होते. तरी ती मान फिरवत होती. दिवस मावळला होता ना.

शनिवार, २३

आई बरी आहे. आप्पा माझ्याशी बोलले नाहीत. मला नंबराचं कुणी विचारलं नाही, मीपण सांगितलं नाही.

सोमवार, १ सप्टेंबर

राजारामपुरीत खोली घेतलीय. कॉलेजातनं चालत आले. खिडकीत भरपूर ऊन. डबा उघडला तेवढ्यात आईचा फोन — "मी बी बसले बघ जेवायला."

आज दोघी वेळेत जेवलो. ती तिथं, मी इथं. "लागंल की सवय," म्हणाली.