विंचरलेल्या वायरी

सोमवार, ३ फेब्रुवारी. दुपारी.

मेहुणा म्हणाला, भावजी, थांबा, आधी चिठ्ठ्या लावू. थांबलो नाही. वायरी बांधायचा प्लॅस्टिकचा टाय ओढला, पक्कड लावली, शेपूट छाटलं. शेवटचा टाय. काम संपलं.

गिऱ्हाइकाच्या जिन्याखालचं कपाट. घरातल्या प्रत्येक दाराची, कॅमेऱ्याची, दिव्याची वायर इथे येते. सगळ्या पांढऱ्या, सगळ्या सारख्या जाडीच्या. मधोमध भांग पाडल्यासारख्या दोन्ही बाजूंना उतरतात. एकही दुसरीला ओलांडत नाही. फोटो काढला. फोनच्या स्क्रीनवर आधी बायकोचा होता, आता हा.

वायरला चिठ्ठी चिकटवणं म्हणजे नव्या शर्टावर किमतीचा कागद ठेवून लग्नाला जाणं. कुठली वायर कुठल्या दाराची हे माझ्या डोक्यात आहे. मेहुणा म्हणाला, आणि डोकं जाग्यावर नसलं तर? बायकोचा भाऊ म्हणून भागीदार केला. चूक झाली. त्याची कामं चालतात, पण कुत्र्यानं उशी फाडल्यासारखी दिसतात.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

काम ताब्यात दिलं. त्या घरच्या मालकीणबाईला एकच गोष्ट हवी होती. तिचे वडील नगरपालिकेत पाणी सोडायचे. पहाटे उठून व्हॉल्व्ह फिरवायचा, मग गावाला पाणी. रिटायर होऊन जमाना झाला, आता डोकं चालत नाही, पण पहाटे उठतात आणि पाणी सोडायला निघतात. दोनदा हरवले. बाई म्हणाली, बाकी काही चालो न चालो, बाबांच्या खोलीचं दार उघडलं की माझा फोन ओरडला पाहिजे.

म्हटलं, ओरडेल. कपाट उघडून दाखवलं. बघत राहिली. मग म्हणाली, छान आहे हो, पण इथे झाडू मावेल का?

अशांसाठी जीव काढायचा.

मेहुणा म्हणाला, निघण्याआधी एकेक दार उघडून बघू. मी म्हटलं, ज्यांना शंका असते त्यांनी बघावं. तो म्हणाला, म्हणूनच म्हणतोय. गाडी काढली.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

बाईचा फोन. पहाटे मोबाइल ओरडतो, स्टोअर रूमचं दार उघडलं म्हणून. धावत जाऊन बघावं तर कडी लावलेली. मी म्हटलं, उंदीर. ती म्हणाली, उंदीर कडी काढतो आणि परत लावतो? म्हटलं, मग लाकूड फुगलंय, सुताराला पकडा. ती म्हणाली, त्या आवाजानं बाबासुद्धा जागे होतात बहुतेक. बघते तेव्हा आपल्या दारात उभे असतात.

म्हाताऱ्यांना झोप कमीच असते.

मेहुण्याला सांगायला नको होतं. म्हणाला, भावजी, दोन वायरी अदलाबदल झाल्यात. बाबांची स्टोअरच्या जागी, स्टोअरची बाबांच्या. टाय कापून बघू. म्हटलं, मी जिवंत असेपर्यंत नाही. तो म्हणाला, मग टाय राहू द्या, नुसती ॲपमधली दोन नावं बदला, कुणाला कळणार नाही.

मला कळेल. नाव बदललं म्हणजे चूक कबूल केली. पासवर्ड माझ्याकडे आहे. मेहुण्याला देणार नाही.

शनिवार, ८ फेब्रुवारी

कपाटाचा व्हिडिओ टाकला. संकल्प: दर शनिवारी एक. पुढे क्लास काढायचा. या धंद्यात शिस्त शिकवणारं कुणी नाही.

आतापर्यंत एकच प्रतिक्रिया. ‘चिठ्ठ्या कुठेत?’ ब्लॉक केला. जेवताना मेहुणा विचारत होता, भावजी, तुमचा व्हिडिओ मला का दिसत नाही?

बायको म्हणाली, स्वयंपाकघरातली ट्यूब महिनाभर डोळे मिचकावतेय, आणि हा लोकांच्या वायरींची वेणीफणी करत फिरतोय. भाऊ हसला. सगळं सासर एका माळेचं.

रविवार, ९ फेब्रुवारी

परत बाई. पिंजरा लावला, उंदीर सापडला नाही, अलार्म चालूच. तीन रात्री झोप नाही. आवाज चढला होता. म्हटलं, मॅडम, रागावू नका, एका बोटाचं काम आहे. घरी बसल्या स्टोअर रूमचा अलार्म बंद करून टाकला. म्हटलं, स्टोअरमध्ये असतं काय, जुन्या गाद्या! बाबांच्या दाराचा चालू आहे, निवांत झोपा. बाईनं आभार मानले.

चांगल्या कामाची कदर उशिरा होते, पण होते.

मंगळवार, ११ फेब्रुवारी. सकाळी.

म्हातारा निघून गेला. फोन ओरडला नाही.

शाळेच्या बागेत सापडला. सगळे नळ सोडलेले, गुडघ्यापर्यंत भिजलेला, थंडीनं काकडत होता. वॉचमनला सांगत होता, अर्धा तासच येईल, भरून घ्या. अंगात ताप. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, म्हणाले, अजून तासभर राहिले असते तर अवघड होतं.

बाई फोनवर काय काय बोलली ते लिहीत नाही. मी सुताराचं नाव काढलं तेव्हा फोन ठेवला.

हे मात्र कुणी बोलत नाही: फाटकाच्या कॅमेऱ्यात म्हातारा अगदी स्पष्ट आलाय. स्वेटरचं उसवलेलं कोपरसुद्धा दिसतं.

संध्याकाळी.

बायकोनं माझ्या हातातून फोन ओढला आणि भावाला दिला. त्यानं दोन नावं बदलली, अलार्म चालू केला, तिकडे जाऊन दार उघडून बघितलं. चालतं. बाई त्याला म्हणाली, चालू दे नाहीतर बंद पडू दे, माझा आता विश्वास नाही.

बायको म्हणाली, माझे वडील असते तर? मी म्हटलं, तुझे वडील पहाटे उठत नाहीत. तिनं ताट आपटलं.

बुधवार, १२ फेब्रुवारी

शांतपणे विचार केला. वायरी निर्दोष होत्या. चुकली ती नावं, आणि नावं हा वायरिंगचा भागच नाही. उद्या जाऊन बाईला नीट समजावतो. समजूतदार आहे. जमलं तर दिवसाच्या उजेडात कपाटाचा आणखी एक व्हिडिओ.

गुरुवार, १३ फेब्रुवारी. सकाळी.

गेलो. दार उघडं होतं, बाई स्वयंपाकघरात. कपाटात झाडू, बादली, आणि माझ्या वायरींच्या जुडग्यावर वाळत घातलेलं फडकं.

म्हाताऱ्याच्या दाराला स्टीलचे चार चमचे लटकवलेत. दार हललं की वाजतील असे. बांधायला माझाच टाय घेतलाय, कपाटात राहिलेला. शेपूट छाटलं नव्हतं. बोटभर बाहेर आलेलं.

पक्कड काढली आणि छाटलं. चमचे वाजले.

आतून म्हाताऱ्यानं विचारलं, पाणी आलं का? बाई ओल्या हातानं धावत आली. दार बघितलं, पक्कड बघितली, मग मला. बाहेरच्या दाराकडे बोट केलं.

निघालो.